एका हाताच्या तीन नळ्या

आमच्या प्रयोगशाळेत माझ्यापेक्षा माझ्या रक्ताला जास्त मान होता. घेवड्याच्या दाण्यात लेक्टिन नावाचं प्रथिन असतं. दाणा कच्चट राहिला की तेच माणसाला उलट्या-जुलाबांनी आडवं करतं. हे प्रथिन बनवणारं जनुक गप्प बसलेलं असेल असं वाण काढायला मॅडम अकरा वर्षं खपत होत्या, आणि मी त्यांचा सहायक. तपासणी सोपी. दाण्याचा अर्क रक्तात मिसळून प्लेटच्या खळग्यांत घालायचा. रक्तपेशी एकमेकींना चिकटून पसरल्या तर लेक्टिन आहे, तळाशी लाल टिकली जमली तर नाही.

मॅडमचा नियम होता, रक्त तिघांचं हवं: माझं, माळ्याचं आणि कारकुनाचं. सुई दिसली की कारकुनाला नेमकी फाइल आठवायची आणि माळी तर पांढराफटक पडायचा. रोज उठून यांच्या मिनत्या कोण करणार? म्हटलं, आपला हात जगन्नाथ. शेवटी रक्त ते रक्त! माझ्याच हातातून तीन नळ्या भरायच्या आणि चिठ्ठ्या तिघांच्या लावायच्या. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं. टिकल्या इतक्या सुरेख जमायच्या की मॅडम त्या बघताना गुणगुणायच्या.

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता. वाण समितीकडे गेलं होतं, आता मंजुरी तेवढी यायची होती. त्यात माझं हिमोग्लोबिन घसरलं आणि डॉक्टरांनी मला झापलं. शेवटच्या तपासणीला मॅडमनी स्वतःची बाही वर केली.

दोन तासांनी त्यांनी प्लेट उजेडात धरली. अर्काच्या एकाही खळग्यात टिकली नव्हती. नुसतं रक्त घातलेल्या खळग्यात मात्र होती, म्हणजे रक्तात खोट नव्हती.

"माझा गट ए," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एक जनुक गप्प झालंय, पण त्याच्या शेजारचं काम करतंय. त्याचं लेक्टिन फक्त ए गटाच्या पेशींना धरतं. तुमचा गट ओ, तुमच्या रक्तात ते दिसणारच नाही. पण..." त्यांनी प्लेट खाली ठेवली. "माळ्याचा गट ए आहे हो. त्याच्या ऑपरेशनच्या वेळी मीच रक्त दिलं होतं."



"तिन्ही नळ्या माझ्याच असायच्या, मॅडम."

"किती वर्षं?"

"सहा."

वाटलं, आता फाडून खातील. मला तेच हवं होतं. त्या मात्र स्टुलावर बसून बाहीचं बटण लावत राहिल्या. ते काही लागेना.

दुपारी त्यांनी समितीला पत्र सांगितलं आणि मी ते टाइप केलं. 'वाण मागे घेत आहे. तपासणीत त्रुटी राहिली. देखरेख माझी होती, चूक माझी आहे.' माझं नाव कधी येतंय म्हणून मी प्रत्येक ओळीला वाट बघत होतो. ते आलंच नाही. पत्र संपलं आणि खाली मॅडमचं नाव आलं. माझ्या नोकरीची अजून दोन वर्षं बाकी होती.

"काही राहिलं का?" त्यांनी विचारलं.

एक वाक्य राहिलं होतं. ते सकाळपासून माझ्या मनात तयार होतं. मी तोंड उघडलं.

"प्रती किती काढू, मॅडम?"