नाव घेऊन हाक

"लिवा मास्तर. गाडी आली तरी मला हाक दिली नाय, येवडंच लिवा."

लडकू चावीवाला माझ्यापुढे उभा होता आणि मी टाक दौतीत बुडवून नुसताच बसलो होतो. पळसदरीच्या पुढे रुळांच्या कडेला गँगची हत्यारं ठेवायची कोठी होती, तिच्या दारात एक खोकं पालथं घातलेलं, तेच आमचं टेबल. मी स्टेशनातला तारमास्तर, विष्णू फाटक. कामगार संघाच्या आमच्या शाखेची निवडणूक आठ दिवसांवर आली होती आणि तक्रारी ऐकायला पंच म्हणून मला नेमलं होतं. का, तर मला लिहिता येतं आणि माझं कुणाशी भांडण नाही. भांडण नसलेल्या माणसाला पंच करू नये. त्याला भांडणाची सवयच नसते.

लडकू बावीस वर्षं रोज चार मैल रूळ चालत होता. रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या की त्या ठोकून बसवायच्या, एवढं त्याचं काम. ठोकठोकीने डावा कान गेलेला. खिंडीत तो एकटा पुढे असला आणि गाडी आली की मागच्या गँगने हाक द्यायची, हा रिवाज. आधी नाव, मग गाडी. नुसतं 'गाडी' म्हटलं तर आवाज खिंडीत घुमतो आणि पुढच्याला वाटतं, मागे कुणीतरी दुसऱ्याला सांगतंय. गेल्या मंगळवारी ती हाक आली नाही. लडकूने शेवटच्या घटकेला गटारात उडी टाकली. गुडघ्याला बांधलेलं फडकं अजून ओलं होतं.

"हाक दिली व्हती," मुकादम धाऊ म्हणाला. संघाच्या अध्यक्षपदाला तोच उभा होता. "ह्याला ऐकूच येत नाय, त्याला आमी काय करनार? विचारा की गँगला."

मी नऊ जणांना विचारलं. नऊही जण "दिली व्हती" म्हणाले. लडकूचा सख्खा मेहुणा कमळ्याही म्हणाला, पायाच्या अंगठ्याकडे बघत.

नऊ विरुद्ध एक. कागद गुंडाळून घरी जावं असं मला फार वाटलं. पण तारेच्या धंद्याची एक खोड आहे. कुणी निरोप दिला म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, कोणत्या शब्दांत?

"कशी हाक दिलीत, तशीच द्या बघू. एकेकाने."

पहिला ओरडला, "गाडीऽऽ!" दुसरा, तिसरा, तसंच. चौथ्या, नामाची पाळी आली तेव्हा मी थांबवलं.

"नाव घेऊन द्या. तुमचा रिवाजच आहे ना तो?"

नामाने तोंड उघडलं. धाऊकडे बघितलं आणि मिटलं. मी कमळ्याकडे वळलो. "तू दे. तुझ्या बहिणीचा नवरा आहे."

कमळ्याने दोन्ही हात जोडले. "नाय घ्येता येत मास्तर. वाघोबाम्होरं बेलभंडार उचललाय आमी."

मग सगळं बाहेर आलं. मत आपल्यालाच द्यायचं, अशी शपथ धाऊने गँगला वाघोबाच्या दगडापुढे घातली होती. एकटा लडकू बेलभंडाराला हात न लावता उठून गेला. तेव्हा बाकीच्यांना दुसरी शपथ घातली, की ह्याचं नाव आजपासून तोंडात घ्यायचं नाही. नाव नाही, म्हणून मंगळवारी हाकही नाही. माझ्यासारख्या कागदवाल्यापुढे ते खुशाल खोटं बोलले. वाघोबापुढे कुणाची छाती?

धाऊ शरमला असेल असं मला वाटलं. तो हसत होता.

"शपथ मी घातली, सोडीन बी मीच. ह्यानं तक्रार मागं घ्यावी, आत्ता ह्या उभ्या जागी 'सुटली' म्हनतो. न्हायतर ऱ्हाऊ दे तशीच."

ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं. दुसऱ्या कुणाच्या म्हणण्याने ती सुटत नाही. हे लडकूला माहीत होतं, मलाही होतं. मी हळूच म्हणालो, "लडकू, बघ. घरी बायको आहे. उद्या पुन्हा खिंडीत जायचंय तुला." पंच असून मी असं बोललो. अजून आठवलं की लाज वाटते.

लडकूने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी वर बघेना.

"मास्तर, मुकादमच अध्यक्ष झाला, तर मुकादमाची तक्रार सांगायची कुनाला?" तो म्हणाला. "लिवा तुमी."

मी लिहिलं. धाऊची उमेदवारी रद्द झाली, त्याच्या जागी नामा उभा राहिला. ठरल्या दिवशी दोन उमेदवारांची दोन मडकी मांडली, सगळ्यांनी मताचे चिंचोके टाकले आणि नामा निवडून आला. धाऊने स्वतः मागून बदली घेतली. जायच्या दिवशी कमळ्या त्याच्या पाया पडला, एक शब्द बोला म्हणाला. धाऊने वळकटी उचलली आणि गाडीत चढला. गँगने मग वाघोबाच्या भगतालाही विचारलं. तो म्हणाला, ज्याची शपथ त्याचंच तोंड.

माघात मी त्या बाजूला गेलो. लडकू खिंडीत वाकून चावी ठोकत होता. सिग्नल पडला. कमळ्या हातातली पहार घेऊन धावत रुळाशी आला आणि त्याने रुळावर पहारीचे तीन दणके घातले. लडकू ताठ झाला, बाजूला सरला, आणि न वळता त्याने हात वर केला.

इंजिन धडधडत गेलं. धूर निवळल्यावर कमळ्याने खिंडीकडे बघून तोंड उघडलं. मग त्याने ते मिटलं आणि तो खडी ओढायला लागला.