लाल ठिपक्याचा पुठ्ठा

"दोरी तोडू नको गं. एकदा सुटलं की कुठला कुणाच्या मागं, ते देवालाबी लावता येत न्हाय," शेजारची कमलम्मा म्हणाली होती. दानेश्वरीनं "नाही हो अज्जी" म्हणत पुठ्ठ्यांचा गठ्ठा काखेत मारला, आणि घरी येऊन पहिली कात्री त्या दोरीवरच चालवली.

पुठ्ठे जेकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे होते. कमलम्माचा नवरा शंकरप्पा चादरींच्या कारखान्यात नक्षी उतरवायचा. नक्षी पुठ्ठ्यांवर भोकांनी पाडायची. जिथं भोक, तिथं मागानं धागा उचलायचा. असे शेकडो पुठ्ठे एकामागं एक ओवलेले. कारखाना बंद पडला, शंकरप्पाही गेले, आणि म्हातारीच्या पलंगाखाली हा एक गठ्ठा तेवढा उरला.

दानेश्वरीला त्या भोकांत वेगळंच दिसलं. यांच्या मागून दिवा लावला तर?

कॉलेजात ती कॉस्प्ले करायची. मनातलं एखादं पात्र धरायचं, त्याचा पोशाख स्वतः घडवायचा, अंगावर चढवून फोटो काढायचे. मग लग्न झालं, सोलापूर आलं, सिद्धी झाली. नवरा सोमशेखर नोकरीला पुण्यात, महिन्यातून दोन शनिवार येणार. बाकीचे दिवस ती आणि चौदा महिन्यांची सिद्धी. पोर झोपली की हिनं तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा. खात्री झाली की पाणी प्यायला उठायचं, आणि परत येऊन पुन्हा बघायचा. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. तशात एका ऑनलाइन स्पर्धेची जाहिरात दिसली. विषय सायबरपंक.

पंधरा दिवस ती खपली. चपलांच्या फोमचा खांद्यावरचा साज कापला, त्यावर सोल्युशननं पुठ्ठे चिकटवले, मागून पांढऱ्या दिव्यांची पट्टी फिरवली. पुठ्ठे खांद्यावर बसेनात, म्हणून कडा कातरल्या. कडांवर पेनानं पुठ्ठ्यांच्या क्रमाचे बारीक आकडे घातलेले होते. ते केरात गेले.

फोटो काढायला कमलम्मानंच बंद कारखान्याची किल्ली आणली. आतलं झाडणं अजून तिच्याकडं होतं. भर दुपारी आत काळोख. एका मांडीवर सिद्धी, एका हातात टॉर्च, असं ठाण मांडून म्हातारी बसली.

"हे कसलं सोंग म्हणायचं?"

"सायबरपंक, अज्जी. उद्याच्या शहरातली माणसं. अर्धं अंग माणसाचं, अर्धं यंत्राचं."

"त्यात नवं काय? आमचे हे तसलेच की! अर्धा हात कायम मशीनमधीच. जेवायलाबी तो मोकळा व्हायचा न्हाय."

दानेश्वरी मुखवट्याआड हसली. तिपाईवरच्या मोबाइलचा टाइमर टिकटिकत होता. फोटोमागून फोटो निघत गेले आणि मधेच तिच्या ध्यानात आलं, की पाच मिनिटं झाली, आपण सिद्धीकडं बघितलंच नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. बघायला दुसरं कुणीतरी होतं.

मग दोघी फोटो बघायला टेकल्या. खांद्यावरून छातीपर्यंत भोकाभोकांतून पांढरा उजेड सांडत होता. गळ्याशी मात्र एकच ठिपका लाल.

"हा दिवा बिघडला वाटतं. फोटोतून पुसून टाकते."

"थांब." कमलम्मानं मोबाइल नाकाशी नेला. "दिव्याचं न्हाय ते. ह्यांनी एक भोक चुकीचं पाडलं होतं. ते बुजवायला मी पतंगाचा लाल कागद लावलावता. लग्नाला सा महिने झालते तवा. लई ओरडले, लाल कशाला म्हणून. पण काढला न्हाय."

दानेश्वरीनं मुखवटा उतरवला.

"दोरी कुटाय, दानव्वा?"

ती दिव्यांची पट्टी विझवायला लागली.

"आन् आकडे?"

सिद्धी टॉर्चशी झोंबत होती. कमलम्मानं तो तिच्या हातात दिला आणि उठली. "बरं. तेवढा एक दे काढून. बाकीचं तू मिरव."

"शनिवारी देते, अज्जी. नक्की."

शनिवारी पुठ्ठा निघेना. ओढला तर कोपरा टरकला. तिनं साज कपाटात कोंबला. स्पर्धेत टाकलेल्या फोटोला मात्र पसंतीचे हजारो बदाम आले होते, कुठल्या कुठल्या देशांतून. संध्याकाळी दारावर थाप पडली, "दानव्वा, हाईस का?" तेव्हा तिनं सिद्धीच्या हातातला खुळखुळा हळूच काढून घेतला. पावलं परत गेली.

रविवारी पहिल्या एसटीनं ती मंगळवेढ्याला माहेरी निघाली. साज पिशवीत होता. कमलम्माच्या दारावरून जाताना चपला हातात घेतल्या होत्या.

सोमवारी सिद्धीच्या अंगावर कांजिण्या उठल्या. आई म्हणाली, "आता धा दिवस कुटं हलायचं न्हाय. म्हाताऱ्या माणसाजवळ तर मुळीच न्हाय."

बुधवारी, पोर झोपल्यावर, दानेश्वरीनं पुठ्ठ्याला केस वाळवायच्या मशीनची गरम हवा दिली, खालून शिवणाचा दोरा सरकवत नेला. पुठ्ठा अलगद सुटला. कोपरा गेलेला, पण लाल कागद जागच्या जागी. तिनं तिथल्या तिथं फोन लावला.

घंटी वाजत राहिली. कमलम्मा एरवी दुसऱ्या घंटीला फोन उचलते, "हां, बोल की!" म्हणून. संध्याकाळीही नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी नाही.

"गेली असेल लेकीकडं," सोमशेखर फोनवर म्हणाला.

"तिला मूलबाळ नाही."

"मग रुसली असेल. गल्लीत दुसऱ्या कुणाला लाव की."

तिनं फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली, पुन्हा खालून वर. दोन वर्षं त्या गल्लीत काढली, आणि गल्लीतला दुसरा एक नंबर नाही. फोटोखाली बदाम वाढतच होते.

म्हणून तिच्या वतीनं सांगणं एवढंच. सोलापुरात असाल, आणि बंद कारखान्याच्या मागं निळं दार, दाराशी तेलाच्या डब्यातली तुळस दिसली, तर कडी वाजवा. जोरात वाजवा, आतल्या खोलीत ऐकू जात नाही. लगेच परत फिरू नका, गुडघ्यांमुळं उठायला वेळ लागतो. रुसली असेल तर रुसू द्या, फक्त आवाज ऐकून या. आणि दार उघडलंच, तर म्हणावं, दानव्वानं पाठवलंय. पुठ्ठा निघाला. लाल कागद शाबूत आहे.