चार नंबरच्या टाकीतला वास

आमच्या ब्रुअरीत बिअर बाटलीत जायच्या आधी पाच जण तिची चव घेतात. सकाळी नऊ वाजता, नाश्त्याला निदान तासभर झालेला असताना, प्रयोगशाळेशेजारच्या लहान खोलीत. त्या खोलीत मी अत्तर लावून कोणाला येऊ देत नाही. पांढऱ्या टेबलावर पाच ग्लास, प्रत्येकावर काचेचं झाकण, शेजारी एक कागद आणि पेन्सिल. नियम एकच: आधी हुंगायचं, मग प्यायचं, मग लिहायचं आणि कागद पालथा घालायचा. पाचही कागद पालथे होईपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही.

हा नियम मी केला. एकाने वासाचं नाव घेतलं की बाकीच्यांना तोच वास येऊ लागतो. यात कोणाचा खोटेपणा नसतो, माणसाचं नाक तसंच चालतं. म्हणून आधी लिहायचं.

त्या दिवशी चार नंबरच्या टाकीतली अंबर लागर होती. जर्मन पद्धतीची, थंड ठेवून सावकाश तयार होणारी. ग्लास उजेडात धरला तर रंग तांब्याच्या तारेसारखा. पहिला वास भाजलेल्या पावाच्या कडेचा, मग थोडा गोडवा, आणि शेवटी जीभ स्वच्छ. ही बिअर चांगली झाली की दुसरा घोट कधी घेतला ते कळत नाही. शनिवारी मालकांच्या नव्या टॅपरूमचं, म्हणजे आमचीच बिअर पाजणाऱ्या दालनाचं, उद्घाटन होतं. तिथे हीच जायची होती, आणि बाटल्या भरायला अकरा वाजता सुरुवात व्हायची होती. दर्जा तपासणारी म्हणून फक्त माझी सही बाकी होती.

टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो होतो. बिअर करणारे काका, बत्तीस वर्षं याच कामात. विक्री बघणारे मालकांचे मेव्हणे, ज्यांना सगळी ब्रुअरी मेव्हणेच म्हणते. बाटल्यांच्या लाइनवरची ताई. आणि मी. ताईने एक घोट घेऊन काहीतरी लिहिलं. काका अजून हुंगत होते. तेवढ्यात मालक फोन खिशात टाकत आत आले, उभ्या उभ्या आपला ग्लास उचलला आणि म्हणाले,

"वा! कॅरमेल! काय कॅरमेल आलंय! काका, मानलं तुम्हाला."

माझी पेन्सिल तशीच राहिली.

"कॅरमेलच," मेव्हण्यांनी लगेच री ओढली. "अगदी मऊ. लोकांना हेच हवं असतं."

काकांनी मान हलवली आणि लिहिलं. ताईने लिहिलेलं खोडलं आणि वर नवीन लिहिलं. मी समोरच बसले होते. खोडलेल्या रेघेखालचा शब्द मला उलटा दिसत होता: पॉपकॉर्न.

"आपला नियम आहे," मी म्हणाले.

"अहो मॅडम, चांगल्याला चांगलं म्हणायला कसला नियम?"

पाच कागद गोळा केले. चार कागदांवर कॅरमेल. पाचवा माझा. त्यावर लिहिलं होतं: लोण्याचा वास, पुसट, वाढणार.

इथे थोडं सांगायला हवं. यीस्ट काम करताना एक पदार्थ बाहेर टाकतं. त्याला स्वतःला वास नसतो, पण हळूहळू त्याचं रूपांतर होतं आणि मग सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास सुटतो. टाकी काही दिवस थोडी उबदार ठेवली तर यीस्टच तो पदार्थ परत खाऊन टाकतं. घाई केली तर तो बिअरमध्ये लपून राहतो. टाकीत कळत नाही, बाटलीत कळतं, गिऱ्हाइकाच्या घरी. ते आजच पकडायचं असेल तर नमुना तासभर गरम पाण्यात ठेवायचा, पुन्हा गार करायचा आणि साध्या नमुन्याशेजारी ठेवून हुंगायचा. तो मी आठ वाजताच करून ठेवला होता.

मी तो ग्लास मालकांच्या हातात दिला. काय केलंय तेही सांगितलं.

"गरम केली?" मेव्हणे हसायलाच लागले. "बिअर गरम करून कोण पितं, मॅडम? गिऱ्हाईक काय बशीत ओतून फुंकर मारणार आहे?"

मालकही हसले. ताई हसली नाही, पण खाली बघत राहिली.

"महिन्याभराने बाटलीत जे होणार ते आत्ता दिसावं म्हणून गरम करतात," मी म्हणाले. "हुंगून तरी बघा."

मालकांनी हुंगलं. "कॅरमेल जरा जास्त झालंय, इतकंच. काका, तुम्ही बघा."

काकांनी ग्लास नाकाखाली धरला. मी त्यांच्याकडे बघत होते. टाकीच्या तळातून यीस्ट कसं काढायचं, नुसत्या कानाने झडप गळते की नाही कसं ओळखायचं, हे मला या माणसाने शिकवलं. मला खात्री होती की ते ग्लास खाली ठेवतील आणि म्हणतील, पोरगी बरोबर सांगतेय.

"मला तर स्वच्छ वाटते," काका म्हणाले.

"झालं तर," मालक म्हणाले. "चार विरुद्ध एक. करा सही."

"ही निवडणूक नाही."

"आता झोंबल्या मॅडमच्या नाकाला मिरच्या," मेव्हणे म्हणाले.

मालकांचा आवाज मऊ झाला. मला तो मऊ आवाज ओरडण्यापेक्षा जास्त लागतो. "हे बघा, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं मशीन, तुमच्या नळ्या, सगळ्याचा आदर आहे. पण काका बत्तीस वर्षं बिअर करतायत. त्यांना स्वच्छ वाटते म्हणजे स्वच्छ. अकरापर्यंत सही नाही झाली तर काका करतील. उगाच फाटे फोडू नका."

मालक आणि मेव्हणे गेले, मागोमाग काका आणि ताईही. खोलीत कॅरमेल लिहिलेले चार कागद आणि मी.

माझा राग सहसा दिसत नाही. तो हात धुण्यात जातो. मी ग्लास दोनदा धुतले. काका करू शकत असतील तर सही माझी कशाला, आणि मग सात वर्षं मी इथे बसून काय करतेय? सहीच्या जागी नाव माझं, आणि खरं काय ते मालकांच्या नाकाने ठरायचं. मला वाटलं, आज ही टाकी भरली गेली तर उद्यापासून मी इथे नुसती शिक्का आहे.

पण रागाच्या खाली काहीतरी टोचत होतं. तो गरम केलेला नमुना पुसट नव्हता. तो ग्लास उघडला की टेबलाच्या पलीकडेही वास येत होता. काकांना तो आला नाही हे मला पटेना.

मी तीन ग्लास घेतले. दोन ग्लासांत साधी बिअर, तिसऱ्यात तीच बिअर आणि तुलनेसाठी प्रयोगशाळेत ठेवलेल्या लोणीवासाच्या शुद्ध अर्काचा थेंब. थेंब मुद्दाम मोठा. ट्रे घेऊन टाक्यांच्या खोलीत गेले. काका चार नंबरजवळ जमिनीवर पाणी मारत होते.

"काका, यातला वेगळा कोणता?"

त्यांनी नळी खाली ठेवली. "अजून राग गेला नाही का तुझा?"

"नाही गेला. वेगळा कोणता?"

त्यांनी तिन्ही हुंगले. वेळ घेऊन, नीट. मधल्यावर बोट ठेवलं. वेगळा डावीकडचा होता. मी पाठ करून ग्लास हलवले, पुन्हा विचारलं. मग आणखी दोनदा. चारपैकी एकदा बरोबर आलं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी एवढं येतं. माझ्या हातातल्या ट्रेवर तोवर इतका वास साचला होता की मी तो हातभर लांब धरला होता.

"तुम्हाला हा वास येतच नाही," मी म्हणाले.

काका नळीकडे बघत होते. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तरुणपणी मला शिकवणाऱ्याने पकडलं होतं. म्हणाला, काही जणांना जन्मतःच येत नाही, तू आपला चार दिवस जास्त थांबत जा. तसाच थांबत आलो. कधी बिघडलं नाही."

"या वेळी किती दिवस उबदार ठेवली?"

"दोन." ते थांबले. "मालकांना टाकी लवकर थंडीत न्यायची होती. शनिवार गाठायचा म्हणून."

"मग सकाळी स्वच्छ म्हणालात ते कशाच्या जोरावर?"

"सगळेच म्हणत होते."

"मी म्हणत नव्हते!"

माझा आवाज टाक्यांवर आपटून परत आला. कामावर मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. "तुमच्यासमोर मला तोंडघशी पाडलं त्यांनी. हसले. आणि तुम्ही, ज्यांना हे कळूच शकत नाही, तुम्ही त्यांच्या बाजूने मान हलवलीत. मला येत नाही, एवढं म्हणायला काय जात होतं?"

"बत्तीस वर्षं जातात, बाळ," काका म्हणाले. "बिअर करणारा आणि अर्धं नाक. कोण ठेवेल कामावर?"

मला वाईट वाटलं. राग मात्र कमी झाला नाही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

"मी कोणाला सांगणार नाही," मी म्हणाले. "पण मी सही करणार नाही. तुम्ही करायची की नाही ते तुम्ही ठरवा."

अकराला पाच कमी होते. ताईने लाइनवर रिकाम्या बाटल्या चढवल्या होत्या. मालक कागद घेऊन उभे होते, मेव्हणे उद्घाटनाला कोण कोण येणार ते फोनवर सांगत होते. काका हात पुसत आले. मालकांनी त्यांच्यापुढे पेन केलं. काकांनी ते घेतलं नाही.

"थांबवा," ते म्हणाले. "चार नंबर भरायची नाही. परत उबेला, सोळा अंशांवर आणतो, शेजारच्या टाकीतलं जोमात असलेलं यीस्ट सोडतो, आठवडा दहा दिवस लागतील. शनिवारी दुसरी काहीतरी न्या."

"का? सकाळी तर..."

"सकाळी मी न कळता बोललो. मला तो वास येत नाही. कधीच येत नव्हता. हिला येतो."

मेव्हण्यांनी फोन कानापासून लांब केला. मालकांनी पुढे केलेलं पेन मागे घेतलं. मला वाटलं आता स्फोट होणार. पण त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

"काका म्हणतायत तर थांबवू. अनुभवाचं बोलणं आहे, शेवटी."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. आपल्याला वास येत नाही असं जो स्वतः सांगतो, त्याच्या शब्दावर टाकी थांबली. जिला येतो, जिने चाचणी करून ग्लास हातात दिला, तिला सकाळी बशीची फुंकर मिळाली होती.

मालक माझ्याकडे वळले. चेहरा समजूतदार. "मॅडम, तुम्हीसुद्धा जरा ठामपणे सांगायला हवं होतं."

"सकाळी सांगितलं. कागदावर लिहून दिलं. ग्लास तुमच्या हातात दिला. सही केली नाही. सही न करण्यापेक्षा ठाम काय असतं?"

"अहो पण बाकी चौघांनी कॅरमेल म्हटलं ना!"

"मी नव्हतं म्हटलं," ताई लाइनवरून म्हणाली. बटण बंद करून ती पुढे आली. "मी पॉपकॉर्न लिहिलं होतं. तुम्ही येऊन कॅरमेल म्हणालात, मग खोडलं."

"खोडलंस कशाला? बोलायचं ना!"

ताईने माझ्याकडे बघितलं. ती मागे मात्र गेली नाही.

"पुढच्या वेळेपासून," मी म्हणाले, "पाचही कागद पालथे झाल्याशिवाय तुम्ही खोलीत यायचं नाही. तुमचा ग्लास बाहेर आणून देईन. बाहेरच लिहा."

"माझ्याच ब्रुअरीत मी दाराबाहेर उभा राहू?"

"दहा मिनिटं."

"आणि सही?"

"सही माझी. माझी नसेल तर टाकी भरायची नाही. काकांचीही चालणार नाही."

मेव्हणे काहीतरी विनोद करणार होते, त्यांचं तोंड उघडलंही होतं. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. मालक सवयीने काकांकडे वळले, काका काय म्हणतात ते बघायला.

"माझ्याकडे नका बघू," काका म्हणाले. "तिने तुम्हाला विचारलंय."

लाइनवर रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. मालकांनी घसा खाकरला, घड्याळ बघितलं, फोन बघितला. मी हलले नाही. हो की नाही, ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.