फोटोला लावलेली तीट

हरिप्रिया कलादालनात पहिल्यांदा गेली ती समोशांसाठी. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते, तेव्हा आपणही सांगायला हरकत नाही. फोटोग्राफीचं पहिलं वर्ष, आवडी या उपनगरातून रोज लोकलनं येजा, आणि संध्याकाळ झाली की पोटात कावळे कोकलायला लागायचे. "उद्घाटनाला कुणालाही आत सोडतात, आणि नंतर खायला असतं," ही मोलाची माहिती मंदारनं पुरवली. मंदार तिच्याच वर्गातला, मूळचा सांगलीचा, गाड्यांच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून कॅमेऱ्याच्या नादी लागलेला. घरच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, म्हणून तो बाकी सगळ्यांशी भरपूर बोलायचा.

एग्मोरजवळचा तो जुना बंगला होता. पाहुण्यांनी समई लावली, भाषणं झाली, रेशमी साड्या सळसळल्या. समोसे मागच्या अंगणात होते आणि तिथं जायचं तर आतल्या खोल्यांतून जावं लागे. पहिल्याच खोलीत हरि थबकली. समोर भिंतभर एका म्हाताऱ्या विणकराचे तळपाय होते. फक्त तळपाय. भेगा, घट्टे, एका भेगेत अडकलेला लाल धागा. असे तळपाय तिनं जन्मभर पाहिले होते, पण बघितले मात्र त्या दिवशी. मंदार हातात बशी घेऊन परत आला तेव्हा ती तिथंच उभी होती.

"समोसे संपले," तो म्हणाला.

"मज नकोत," ती म्हणाली.

तिचं मराठी तंजावरचं. तिचे पूर्वज कधी काळी राजांच्या मागोमाग इकडे आले आणि त्या वेळची भाषा तशीच जपून बसले. "तू बोललीस की वाटतं, आत्ता कुणीतरी घोड्यावरून उतरेल," असं मंदार चिडवायचा. हरि चिडली की सरळ तमिळमध्ये शिव्या द्यायची, आणि तेवढं तमिळ त्याला येऊ लागलं होतं.

मग तिला चटकच लागली. जिथं उद्घाटन तिथं हरि, जिथं व्याख्यान तिथं हरि. सभागृहं थंडगार, खुर्च्या अर्ध्या रिकाम्या, आणि पुढच्या रांगेत ठरलेले निवृत्त गृहस्थ. त्यांच्यातला कुणी प्रश्न विचारायला उठला की वक्ता निवांत पाणी पिऊन घ्यायचा. हरि मागच्या रांगेत बसायची आणि बाहेर पडताना तिचा चेहरा देवळातून आल्यासारखा असायचा. तिला वाटे, इतकी वर्षं आपण या शहरात डोळे मिटून फिरत होतो की काय!

घरी मात्र या सगळ्याची एकच चिंता होती, आणि ती वाहायला तिची आई, अंबुजा, समर्थ होती. हरि निघाली की ती दारात आडवी यायची. स्वतःच्या डोळ्यातलं काजळ करंगळीच्या टोकावर घ्यायची आणि लेकीच्या कानामागे तीट लावायची.

"थांब गे. कोठें पळत्येस? तितकीं माणसं पाहतील तुज. दिष्टि पडेल."

"अम्मा, तेथें लोक भिंतीस पाहतात. मज कोण पाहील?"

"मी पाहत्यें की," अंबुजा म्हणायची, आणि तीट लावूनच सोडायची.

दुसऱ्या वर्षी हरिनं रत्नप्रभाबाईंचं व्याख्यान ऐकलं. बाई मूळच्या नागपूरच्या. एन्नोरच्या मच्छीमारांच्या वस्तीत त्यांनी इतकी वर्षं फोटो काढले होते, की त्यांच्या तमिळला मासळीचा वास येतो असं लोक म्हणत. सुती साडी, पायात रबरी चप्पल, आवाज खणखणीत. व्यासपीठावर येऊन त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "दिवे घालवा," आणि खाली बसल्या.

पडद्यावर एकच फोटो होता. वाळूत बसून जाळं सांधणाऱ्या दोन बाया, मागे वीजकेंद्राच्या चिमण्या, बाजूला एक कुत्रं. पुढे काही होईना. लोक खोकले, कुणी मोबाइल उघडला, कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं. बाई गप्प. हळूहळू सभागृहही गप्प झालं. हरिला आधी चिमण्याच दिसल्या होत्या. मग बाया दिसल्या. मग दिसलं, की एकीनं पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलंय आणि दुसरी ओठ मिटून हसतेय. मग दिसलं, की चिमणीचा धूर आणि जाळं एकाच करड्या रंगाचं आहे, इतकं की कुठं काय संपतं ते कळू नये. फोटो तोच होता आणि तरीही वाढत चालला होता.

अंधारातून बाईंचा आवाज आला. "या फोटोत मी कुठे आहे?"

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "कॅमेऱ्याच्या मागे."

"ते सगळेच असतात," बाई हसल्या. "कुत्र्याकडे बघा."

कुत्रं मान ताणून थेट समोर बघत होतं. डोळ्यांत नुसती आशा.

"माझ्या पिशवीत बिस्किटं होती," बाई म्हणाल्या. "त्या बायांनी मला केव्हाच विसरून टाकलं होतं, पण हा विसरला नाही. काढणारा नाही असा फोटो नसतो. तो सापडेपर्यंत बघायचं. नाही सापडला तर समजायचं, काढणारा तिथं नव्हताच, नुसता कॅमेरा होता."

हरिच्या डोळ्यांत पाणी आलं. मंदारनं ते पाहिलं आणि आपला रुमाल तिच्यापुढे धरला.

दुसऱ्या दिवशी हरिनं आपले सगळे जुने फोटो बाहेर काढून पाहिले. मरीनावरचे फुगेवाले, मैलापूरचा फुलबाजार, लोकलच्या खिडकीतले चेहरे. रेखीव होते, शिक्षकांनी वाखाणलेले होते. पण ती त्यांत कुठंही नव्हती. एकही कुत्रं तिच्याकडे बघत नव्हतं. हे तिला फार लागलं, कारण त्याच सुमाराला घरी दुसरा विषय निघाला होता. तिचे अप्पा वेंकटरमण आवडीतल्याच एका कारखान्यात होते आणि त्यांनी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणून टेबलावर ठेवली होती. रत्नप्रभाबाई दर वर्षी विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाला येत आणि एकाला वर्षभरासाठी आपल्या हाताखाली घेत. "त्या बाईंनी तुज घेतलें तर मी पुस्तकं परत करतों," अप्पा म्हणाले होते, "नाही तर तूं तीं उघडशील." सौदा सरळ होता आणि हरिच्या बाजूनं त्यात एकच फोटो होता.

तो तिनं त्यानंतर घरातच काढला होता. शुक्रवारी अंबुजा तेल लावून न्हायची आणि मागच्या पडवीत केस वाळवायची. निखाऱ्यावर सांब्राणीचा, म्हणजे ऊदाचा, धूप, त्यावर पालथी टोपली, टोपलीवर पसरलेले केस. वेतातून धूर वर येई आणि केसांत शिरे. फोटोत अंबुजाचा चेहरा दिसतच नव्हता. काळे केस, पांढरा धूर, तिरपं ऊन, आणि कडेला पाण्याची स्टीलची घागर. मंदारनं तो पाहिला तेव्हा तो बराच वेळ नुसता "अरे, अरे" करत होता. मग म्हणाला, "त्या घागरीत काहीतरी काळपट दिसतंय बघ. पुसून टाक ना कॉम्प्युटरवर."

"दाराची सावली असेल," हरि म्हणाली. पुसायचं तिच्या मनात होतं, पण धुरातल्या करड्या छटा जमवता जमवता ते राहून गेलं.

प्रदर्शनासाठी फोटो निवडला गेला. चांगला हातभर उंच आणि त्याहून रुंद छापला गेला. काच लावायची नाही असं ठरलं, कारण काचेत बघणाऱ्याचीच प्रतिमा पडते. कागद उघडाच चिमट्यांना टांगायचा होता. उद्घाटनाच्या दिवशी टांगाटांगीसाठी हरि भल्या सकाळी घरातून सटकली. अंबुजा आंघोळीला गेली होती, त्यामुळे त्या दिवशी तीट राहिली.

संध्याकाळी अंबुजा एकटीच आली. अप्पांची कारखान्यात पाळी होती. रेशमी पट्टू साडी, केसांत मोगरा, चेहऱ्यावर धास्ती. दालनाच्या दाराशी तिनं चपला काढल्या आणि अनवाणी आत आली. कुणीतरी सांगितलं, चपला चालतात. ती म्हणाली, "असू दे." आतमध्ये तिच्या केसांपुढे घोळका जमला होता. कुणी धुराबद्दल बोलत होतं, कुणी उन्हाबद्दल. एक बाई तर डोळे पुसत होत्या. फोटोतली बाई आपल्याच मागे उभी आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. हरिला वाटलं, हे सगळं आपल्या हातून झालं? तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

ती पाहुण्यांसाठी पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा घोळका पांगला होता, आणि अंबुजा फोटोला अगदी खेटून उभी होती. तिची करंगळी कागदावर होती.

"अम्मा!"

सगळं दालन वळलं. अंबुजानं हात मागे घेतला. कागदावर काजळाचा ठिपका चमकत होता.

"काय केलीस हें?" हरिचा आवाज फाटला.

"किती जण पाहतात गे," अंबुजा कावरीबावरी झाली. "सकाळीं लावायची राहिली नव्हे का."

"म्हणून फोटोस लावलीस?"

"फोटोस कोठें? तुज लावली."

हरिला ते ऐकूच गेलं नाही. कानशिलं तापली होती. दोन वर्षं, अप्पांचा सौदा, सगळं एका करंगळीखाली गेलं होतं. त्या क्षणी तिला आईची लाज वाटली, अनवाणी पायांची, मोगऱ्याची, सगळ्याची. अंबुजा कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

मंदार धावत आला. त्याच्या हातात लांब नळकांडं होतं. "दुसरी प्रत आहे! बाई फाटकाशी आल्यात, कुणाशी तरी बोलतायत. चटकन बदलू."

हरिनं एक चिमटा काढला. दुसऱ्याला हात घातला, आणि ठिपका पुसता येतो का म्हणून खाली वाकली.

ठिपका घागरीवर होता. घागरीच्या पोटातल्या त्या काळपट सावलीवर. पण ती सावली नव्हती. उकिडवी बसलेली एक मुलगी होती, अंगठ्याएवढी, घागरीच्या गोलाईनं जराशी फुगलेली. कोपरं गुडघ्यांवर टेकलेली, तोंडापुढे कॅमेरा, वेणी खांद्यावरून पुढे आलेली. कॅमेऱ्याच्या कडेनं गालाचा थोडासा भाग उजळ दिसत होता, आणि त्या गालावर, बरोबर मधोमध, तीट होती.

हरि तशीच वाकून राहिली. महिनाभर हा फोटो तिच्या डोळ्यांपुढे होता. त्यातली प्रत्येक छटा तिला पाठ होती. ती स्वतःला शोधत सगळीकडे हिंडली होती आणि इथं ती आईच्या पायाशी बसलेली होती, आईच्या घागरीत. तिला हसू आलं, रडू आलं, आणि कसलं तरी भय वाटलं, मोठ्या गोष्टीपुढे वाटतं तसं.

"अगं, काढ ना!" मंदार कुजबुजला.

हरिनं काढलेला चिमटा परत लावला.

"वेडी आहेस का? डाग पडलाय त्याला!"

"असू दे," ती म्हणाली.

रत्नप्रभाबाई आत आल्या. एकेका फोटोपुढे थांबत, मान हलवत, हरिच्या फोटोपाशी पोचल्या आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. त्यांची नजर केसांवरून धुरात गेली, धुरातून खाली उतरली, आणि ठिपक्याशी अडली. कपाळाला आठी पडली. त्या पुढे वाकल्या. आठी हळूहळू सुटली.

"तू घागरीत आहेस," बाई म्हणाल्या.

"हो."

"तुला माहीत होतं?"

खोटं बोलायला हीच वेळ होती. "नाही मॅडम," हरि म्हणाली. "मज आत्तां कळलें. ही तीट अम्मानं लावली. मी तिच्यावर ओरडलें."

बाईंनी दालनभर नजर फिरवली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अनवाणी पाय, मांडीवर घट्ट धरलेली पिशवी, आणि फोटोतले ते केस, आता मोगरा माळलेले.

"सोमवारी एन्नोरला ये," त्या हरिला म्हणाल्या, आणि तिच्याकडे न बघता कोपऱ्याकडे चालू लागल्या. हरि मागोमाग धावली.

अंबुजा घाईघाईनं उठून उभी राहिली. तिला वाटलं, आता ही मोठी बाई रागावणार. "चुकलें माझें," ती म्हणाली. "फोटोस हात लावायचा नव्हता."

"ते राहू द्या," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, तुमचाच फोटो, तुमचेच केस, इतका धूर. त्यात ही एवढीशी पोर तुम्हाला सापडायला किती वेळ लागला?"

अंबुजाला प्रश्नच कळेना. तिनं बाईंकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

"पहिलें तीच दिसली की," ती म्हणाली. "तुमास नाही दिसली?"

रत्नप्रभाबाईंनी हात जोडले. आणि हरि, भरल्या दालनात, सगळ्यांदेखत, मान वळवून कान पुढे करून आईसमोर उभी राहिली.