वजाचं चिन्ह

थेसालोनिकीत पोलिक्सेनीला तिच्या गल्लीबाहेर फारसं कुणी ओळखत नसे, पण तिने लिहिलेली मिरमिगी जगभर फिरत होती. मिरमिगी म्हणजे मुंगी. सी या संगणकाच्या भाषेत लिहिलेली, इतरांनी आपल्या प्रोग्रॅमला जोडून वापरायची ही एवढीशी लायब्ररी. एका टोकाला यंत्राने मोजलेले आकडे दाबून बसवायचे आणि मोजक्या बाइट्सचं गाठोडं बांधायचं, दुसऱ्या टोकाला ते गाठोडं सोडून आकडे जसेच्या तसे बाहेर काढायचे, एवढंच तिचं काम. पोलिक्सेनीने ती फुकट वाटली होती. बदल्यात लोकांनी मान द्यावा एवढी तिची अपेक्षा होती, आणि लोक तो देत. पुढे पुढे मानाची सवय झाली आणि सवयीबरोबर जिभेला धार आली.

आदल्या शरदात तिच्याकडे एक तक्रार आली होती. नाउसा गावाच्या पायथ्याशी पीचच्या बागा असलेल्या एका सहकारी संस्थेत अर्गिरिस नावाचा माणूस थंडी मोजणारे डबे सांभाळत असे. पारा गोठणबिंदूकडे घसरला की डब्यांनी निरोप पाठवायचा, बागायतदारांचे फोन वाजायचे आणि त्यांनी उठून बागेतले, वरची उबदार हवा खाली ढकलणारे मोठे पंखे चालू करायचे, अशी ती योजना होती. अर्गिरिसने मोडक्यातोडक्या इंग्रजीत, फार अदबीने लिहिलं होतं की काही जुन्या डब्यांकडून शून्याखालचा आकडा आला की इकडे भलताच मोठा आकडा निघतो. माझं काही चुकत असेल तर सांगा, असंही शेवटी होतं.

पोलिक्सेनीने स्वतःच्या संगणकावर एकदा चालवून पाहिलं. आकडा बरोबर निघाला. मग तिने सगळ्यांना दिसेल असं उत्तर टाकलं: "शून्याखालचे आकडे कसे पाठवायचे ते पुस्तिकेत लिहिलं आहे. वाचता येत असेल तर आधी ते वाचा, मग लोकांचा वेळ खा." बऱ्याच जणांनी खाली हसरे चेहरे चिकटवले. अर्गिरिसने क्षमा मागितली. तो आपलंच चुकलं असं धरून चालला; त्याने संशयाचा एक डबा बदलला आणि बाकीचे तसेच ठेवले.

मार्चमध्ये बागा फुलल्या असताना एका रात्री थंडीने दहिवर गोठलं. थंड हवा सखल भागात साचते, आणि जुने डबे नेमके तिथेच होते. त्यांनी पाठवलेले आकडे इकडे एवढे अवाढव्य होऊन निघाले की डबा बिघडलाय असं धरून संस्थेच्या संगणकाने ते टाकून दिले. एकही फोन वाजला नाही. सकाळी लोक बागेत गेले तेव्हा फुलं आतून काळी पडलेली होती.

पोलिक्सेनीला हे कळलं ते संस्थेचे अध्यक्ष स्तेर्यिओस यांच्या फोनवरून. ते तिच्यावर रागावलेले नव्हतेच. उलट फार आर्जवाने बोलत होते. अर्गिरिसला काढायचं ठरतंय, तुम्ही या विषयातल्या जाणत्या, तुमचं ते उत्तरही आम्ही छापून घेतलंय, सभेत येऊन दोन शब्द बोलाल का, असं त्यांनी विचारलं. तिने हो म्हटलं.

फोन ठेवल्यावर तिने पहिल्यांदा त्या जुन्या डब्यांत असते तशी चिप मिळवून त्यावर मिरमिगी चालवली. उणे दीड अंश पाठवले आणि दुसरीकडे हजारांच्या घरातला आकडा निघाला. तिच्या मोठ्या संगणकावर आकड्यासाठी जी जागा ऐसपैस होती ती त्या चिमुकल्या चिपवर अरुंद होती, आणि अरुंद जागेत आकडा दाबून बसवताना वजाचं चिन्ह गळून पडत होतं. चूक एका ओळीची होती आणि ती ओळ तिचीच होती. तिने ओळ सुधारली, सगळ्यांना दिसणाऱ्या बदलाच्या नोंदीत 'किरकोळ साफसफाई' असं लिहिलं आणि संगणक बंद केला.

सभा फळं भरायच्या शेडमध्ये होती. तिथे जाऊन खरं सांगायचं असं ती बसमध्ये ठरवत आली होती. अध्यक्षांनी तिचं उत्तर ग्रीकमध्ये मोठ्याने वाचलं. इथे कुणी हसलं नाही. लोकांनी ते न्यायाधीशाचा निकाल ऐकावा तसं ऐकलं. अर्गिरिस, चाळिशीचा, खांदे पाडलेला माणूस, भिंतीशी उभा राहून तिच्याकडे बघत होता.

"मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे चूक याची."

तोंडाशी आलेले शब्द तिने गिळले. "या गोष्टी गुंतागुंतीच्या असतात," ती म्हणाली. "एकाच माणसाकडे बोट दाखवणं बरोबर नाही."

पुढच्या रांगेतल्या एव्लांबिया नावाच्या म्हाताऱ्या बागायतदार बाई शेजारणीला म्हणाल्या, "बघ, किती मोठ्या मनाची बाई आहे. त्याला सांभाळून घेतेय." ते पोलिक्सेनीला स्पष्ट ऐकू आलं. हात वर झाले आणि अर्गिरिसचं काम गेलं.

बाहेर तो तिच्यासाठी थांबला होता.

"तुम्ही दुरुस्ती केलीत ती मी पाहिली," तो म्हणाला. "साफसफाई."

तिला वाटलं, जमीन दुभंगावी. "मग आत का नाही बोललात?"

"माझं कोण ऐकणार होतं? मला वाचता येत नाही, असं तुम्हीच तर लिहिलंत." त्याचा आवाज चढला नाही. "म्हटलं, त्या स्वतः येतायत, त्याच सांगतील. वाट बघत होतो."

एवढं बोलून तो सायकल घेऊन निघून गेला. पोलिक्सेनीची बस समोर येऊन लागली होती. तिने ती जाऊ दिली आणि लोक ज्या कॉफीच्या दुकानात शिरले होते तिथे गेली. पत्त्यांचे डाव सुरू झाले होते. दाराशीच उभी राहून तिने सांगितलं की आकडे माझ्यामुळे चुकले, अर्गिरिसने आधीच कळवलं होतं, मी त्याची टवाळी केली. शब्द कोरडे, परीक्षेतल्या उत्तरासारखे आले. पत्ते थांबले. अध्यक्ष टेबलाकडे बघत राहिले.

एव्लांबियांनी विचारलं, "मग पोरी, मघाशी तिथे तसं का बोललीस?"

"लाज वाटली."

"आम्ही तुझं कौतुक करत होतो तेव्हा?"

"ते ऐकलं मी, तरी खरं सांगितलं नाही."

म्हातारीने मान फिरवली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची सरकवली, पण तिला बसवेना.

त्याच आठवड्यात संस्थेने अर्गिरिसला परत बोलावलं. तो आला, पण आधी त्याने मिरमिगी सगळ्या डब्यांतून काढून टाकली आणि गाठोडं बांधायचं-सोडायचं काम स्वतः लिहिलं. ते त्याने सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. पोलिक्सेनीने ते वाचलं. ओबडधोबड होतं, लांबलचक होतं, आणि एका ठिकाणी, निरोप अर्धवट आला तर, घसरणार होतं. हे त्याला कळवायला हवं होतं. तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. प्रत्येक वाक्यात तिला आपला जुना आवाज ऐकू येई. शेवटी कुठे घसरेल आणि का, एवढंच लिहून पाठवलं, खाली नाव घातलं.

उत्तर आलं नाही. काही दिवसांनी तिने पाहिलं, तर ती ओळ दुरुस्त झालेली होती. नोंदीत लिहिलं होतं: 'चूक माझी होती, दुरुस्त केली.' ते वाक्य वाचून तिने मिरमिगीची नोंद उघडली; तिथे 'किरकोळ साफसफाई' असंच होतं.