शर्टाच्या खिशातली काळजी

बोराएवढी स्टीलची डबी.

एका बाहीचा निळा फ्रॉक.

कुलूप नसलेलं दार.

"दूध तापवू का?"

गल्लीतला हशा.

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. वरचे तुकडे जोडले की माझी गोष्ट होते, आणि तुकडे जोडणं हेच माझं काम.

कारखान्यात मला ओतलं, घासलं, काळा रंग दिला, अंगावर सोनेरी वेल काढली. मग मी माझ्या बाईकडे आले. तिच्या हाताला अशी सफाई, की शेजारीण म्हणायची, "कापड तुझ्या हाती गेलं की आपसूक अंगावर बसतं गं!" पायडल मारता मारता ती गुणगुणायची. ते माझे सोन्याचे दिवस.

पुढे तिचं लग्न झालं. नवऱ्यानं कधी आवाज चढवला नाही, हात तर नाहीच नाही. "तुझी पाठ दुखेल," म्हणत त्यानं गिऱ्हाइकं तोडली. "जग वाईट आहे," म्हणत तिचा फोन स्वतःकडे ठेवला. तिच्या धाकट्या बहिणीला सांगितलं, "तिला दगदग सोसत नाही, सारखी येत जाऊ नकोस." आणि रोज कामावर निघताना तो माझी बॉबिन केस काढून शर्टाच्या खिशात टाकू लागला. खालचा दोरा धरणारी ती एवढीशी डबी. ती नसली की माझी सुई नुसती वर-खाली होते, टाका पडत नाही.

"काळजी वाटते गं तुझी," तो म्हणायचा. दाराला कुलूप कधीच नव्हतं, तरी त्याला विचारल्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाही; "दूध तापवू का?" हेसुद्धा ती त्याला विचारायची.

गल्लीनं त्याचं नावच ठेवलं, काळजीवाहू. "आमच्या ह्यांना मी जेवले की नाही तेही ठाऊक नसतं," शेजारीण म्हणायची. "नशीब काढलंस हो!" सगळ्या हसायच्या. बाई आधी नवऱ्याकडे बघायची, मग हसायची.

मग लेक झाली; तिच्या निळ्या फ्रॉकची एक बाही लावायची राहिली होती. लेक वाढली, फ्रॉक तसाच राहिला.

बहीण एकदा तिला पोलीस चौकीत घेऊन गेली. परत आल्यावर बहिणीनं पर्स माझ्यावर आपटली. "हवालदार विचारतो काय, तर मारतो का? नाही. उपाशी ठेवतो का? नाही. मग तक्रार कसली, मॅडम, काळजी करतो याची?"

वर्षं गेली आणि कायदा बदलला. जोडीदाराला सतत धाकात, नजरेखाली, परवानगीवर जगायला लावणं हाही गुन्हा ठरला, अंगावर वळ असो वा नसो. बहीण पुन्हा धावली. या वेळी एक पोलीसबाई घरी आल्या, माझ्याशेजारी स्टुलावर बसल्या.

"ताई, घरात काय काय विचारून करावं लागतं तुम्हाला?"

बाईनं दाराकडे पाहिलं. "सांगू का?"

पोलीसबाईंनी पेन खाली ठेवलं. "सांगा. मला कसलीही घाई नाही."

नवऱ्याला शिक्षा झाली. पुरावा म्हणून नेलेली माझी डबी कोर्टातून प्लास्टिकच्या पिशवीत परत आली. बहिणीनं ती बसवली, मला तेल दिलं. बाई समोर बसली. आता तिच्या खांद्याला लागणाऱ्या लेकीचा तो निळा फ्रॉक तिनं सुईखाली धरला, पायडलवर पाय ठेवला आणि नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारलं, "शिवू का?"

"ताई, कुणाला विचारतेस गं?" बहीण म्हणाली.

बाई उत्तराची वाट बघत राहिली. मग तिनं पाय काढून घेतला. फ्रॉक अजून माझ्या सुईखालीच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण एखादी बाई स्वतःच्या घरात हसण्याआधी कुणाकडे बघत असेल, तर तुम्ही तिच्या नशिबाचं कौतुक करू नका. कायद्याला उशीर झाला, तुम्हाला होऊ नये.

दुकानात आम्ही मशिनी ओळीनं मांडलेल्या होतो. बाईनं तेव्हा, लग्नाआधी, कुणालाही न विचारता माझ्यावर बोट ठेवलं होतं. "हीच," म्हणाली होती.