कमळआजीचा जवळा

दर सोमवारी सकाळी म्हाताऱ्यांना काट्यावर उभं करायचं आणि आकडा तक्त्यावर लिहायचा, हे माझं काम. बोरिवलीच्या या वृद्धाश्रमात मला आठ वर्षं झाली. कमळआजी आली तेव्हा बेचाळीस किलो होती, तीन महिन्यांत छत्तीसवर आली. मनोरीची कोळीण ती. जन्मभर मासे विकले, आणि पोरानं आणून टाकली कुठे, तर जिथं अंड्याचं नावसुद्धा काढायचं नाही तिथं! ताट पुढे केलं की म्हणायची, "माशाबिगर जेवान कसला गो?" आणि तोंड फिरवायची.

आमच्या मॅनेजर कल्पिता मॅडमनी ताकदीची पावडर सुरू केली. दुधात दोन चमचे. आजी थुंकून टाकायची.

शेवटी मीच घरून सुक्या जवळ्याची चटणी आणायला लागले, डबीत, पदराखाली लपवून. मऊ भातात कालवून भरवायची. काय सांगू, बाई बोटं चाटायची! दोन महिन्यांत एकोणचाळीस. मॅडमनी तक्ता ट्रस्टींना दाखवला, म्हणे पावडरचा गुण. म्हटलं, घे मिरवून, माझी म्हातारी जेवतेय ना!

पण जवळ्याचा वास कुठं लपतो? मॅडमनी डबी पकडली, कचऱ्यात टाकली. "मालन, परत आणलंस तर कामावर येऊ नकोस." त्यानंतर पाच सोमवार गेले. आजी पस्तीसवर.

महिन्याचे डॉक्टर आले. तक्ता बघून म्हणाले, "मध्ये वजन वाढलं होतं, तेव्हा काय देत होता?"

"पावडर," मॅडम म्हणाल्या.

"जवळा," मी म्हटलं. नोकरी गेली चुलीत!

डॉक्टर हसले. "मग तोच द्या की."

"संस्थेत चालत नाही, सर. मुलाला विचारू. हवं तर त्यानं दुसरीकडे न्यावं."

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा दिपेश आला. मासळीबाजारात त्याचा गाळा आहे, तिथूनच सरळ आला. मी हात जोडले. "बाबा, घेऊन जा हिला. दोन घास मासे पोटात गेले तर जगेल रे तुझी आई."

"घरी जागा कुठाय, मावशी? दुसरीकडे लगेच बेड मिळतो काय? नियम म्हणजे नियम. पावडर वाढवा ना." मॅडमनी 'मासे न देता इथंच ठेवा' असा संमतीचा कागद पुढे केला, मेल्यानं वाचलासुद्धा नाही, सही ठोकली. अस्सा राग आला मला, त्याची मानगूट धरावी वाटली.

जाताना तो आईच्या खाटेशी वाकला. आजीनं त्याचा हात धरला. वाटलं, आता मुका घेईल. तिनं तो हात नाकाशी नेला आणि डोळे मिटून हुंगत राहिली. सोडेचना. मला रडू आवरेना.

मॅडम दारातूनच म्हणाल्या, "दिपेशभाऊ, पुढच्या वेळी येताना हात साबणानं धुऊन या."

"हो मॅडम, सॉरी," तो म्हणाला आणि हात सोडवून घेतला.